सावलीला भाव असलेले शहर: मुलांसाठी अद्भुत कथामालिका रचताना

नागपूरच्या एका मराठी शाळेतील शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जादूच्या शहरात घडणारी पाच पुस्तकांची मालिका लिहायची आहे. ढगांवर वसलेल्या शहराची तीन प्रकरणे लिहून त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली. पहिल्या प्रकरणाला मुले हरखून गेली, तिसऱ्याला चुळबुळ करू लागली. शहर पूर्ण काल्पनिक ठेवावे की नागपुरातच बसवावे, जादू किती असावी, पाच भागांत गोष्ट कशी विभागावी आणि पात्रांनी कोणती मराठी बोलावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मुलांच्या पुस्तकांचे लेखन आणि संपादन हेच माझे काम असल्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देतो.

बाई, आपली तिन्ही प्रकरणे मी वाचली. पहिल्या प्रकरणात उडते जिने आहेत, बोलणारी घड्याळे आहेत, लाडवांचा पाऊस आहे. दुसऱ्यात आणखी नवलाई आहे. तिसऱ्यात नायक तळघरात अडकतो आणि तेवढ्यात त्याच्या खिशात, आधी कधीही न आलेली, एक जादूची किल्ली सापडते. मुलांची चुळबुळ नेमकी इथे सुरू झाली असणार. कितीही मोठे संकट आले तरी लेखिकेकडे नवी जादू तयार आहे, हे मुलांच्या लक्षात आले आणि त्या क्षणी नायकाची काळजी करण्याचे कारण संपले. नऊ वर्षांचे मूल या बाबतीत मोठ्या वाचकापेक्षा कडक असते. पत्त्यांचा डाव असो की लगोरी, मध्येच नियम बदललेला त्याला खपत नाही, आणि गोष्टीतही तो खपत नाही.

म्हणून ‘जादू किती असावी’ याचे माझे उत्तर असे आहे: जादू एकच असावी, तिचा नियम दोन वाक्यांत सांगता यावा आणि ती वापरणाऱ्याला काहीतरी मोजावे लागावे. मात्र एवढ्याने गोष्ट उभी राहील, मालिका उभी राहणार नाही. पाच पुस्तके पेलायची असतील तर जादूचे शहर आधी शहर असले पाहिजे. जंगलातली किंवा राजवाड्यातली जादू एखाद्या ऋषीची, राक्षसाची किंवा राजकन्येची असते. शहरातली जादू सगळ्यांना लागते आणि सगळ्यांना पुरत नाही. जिथे एखादी गोष्ट पुरत नाही तिथे रांग लागते, भाव ठरतो, साठेबाज निपजतो, तपासनीस येतो, दुरुस्ती करणारा कारागीर येतो, चोर येतो आणि ‘आमच्या गल्लीला का नाही’ असे विचारणारी एखादी आजी येते. यातल्या प्रत्येकाच्या मागे एक गोष्ट उभी असते. आपल्या ढगांवरच्या शहरात लाडू आकाशातून पडतात, त्यामुळे तिथे कोणाला कोणाची गरजच उरलेली नाही.

आता नागपूरचा प्रश्न. शहर नागपुरातच बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे गावाचा अभिमान हे कारण नाही. आपल्या वर्गातल्या मुलांना जी गोष्ट अंगाने ठाऊक आहे तिच्यावर जादू बेतली तर वर्णनाचे निम्मे ओझे उतरते. नागपूरच्या मुलाला ढगावरचा गारवा समजावून सांगावा लागतो. मे महिन्यातल्या दुपारच्या सावलीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पारा ४५ अंशांच्या वर गेला की सायकल कुठे उभी करायची, रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालायचे, सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळीखाली पुढचे चाक कसे सरकवायचे, हे त्याला पाठ असते. तेव्हा उदाहरणादाखल असे शहर घेऊ, जिथे सावली कापता येते, घडी घालून ठेवता येते आणि विकता येते. मी हे केवळ नमुना म्हणून मांडतो आहे. आपण दुसरे काही निवडले तरी रचनेचा मार्ग हाच राहील.

सावली निवडण्याचा मोठा लाभ असा की तिचा नियम आपल्याला शोधावा लागत नाही. तो आकाशात तयार आहे आणि मुलांना तो काठी रोवून तपासता येतो. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोन वेळा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला. मे महिन्यातल्या त्या दिवशी बारा वाजून साधारण दहा मिनिटे झाली की सरळ उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. हा दिवस नेमका नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत येतो. जुलैमधला दिवस बहुधा पावसाळी ढगांमागे झाकला जातो. या दोन तारखांच्या मधल्या सुमारे सात आठवड्यांत माध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते, ही गोष्ट नागपुरात जन्म काढलेल्या अनेकांच्याही लक्षात आलेली नसते. १३० सेंटीमीटर उंचीची मुलगी घेतली तर २२ डिसेंबरच्या माध्यान्ही तिची सावली सुमारे १२८ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तिच्याएवढीच भरते. २१ मार्चला ती ५० सेंटीमीटरवर येते, १ मेला जेमतेम १४ सेंटीमीटर उरते आणि महिनाअखेरीस शून्य होते.

या आकड्यांकडे कथालेखिका म्हणून पाहा. सावलीची गरज जसजशी वाढते तसतशी प्रत्येकाकडची सावली आखूड होत जाते. हिवाळ्यात ती मुबलक असते, पण कोणाला नको असते. म्हणून शहाणे लोक डिसेंबरात स्वस्तात भरून ठेवतात आणि मे महिन्यात दामदुपटीने विकतात. खलनायक हवा असेल तर तो इथेच सापडला: त्याला शिंगे नकोत, अदृश्य होण्याचे सामर्थ्य नको, गोदाम पुरे. सगळे शहर एका विशिष्ट दुपारी एका क्षणासाठी सावलीविना उभे राहणार आहे, हे पहिल्या पुस्तकापासून वाचकाला माहीत असते. त्या तारखेकडे मालिका आपोआप सरकत राहते. शाळेतून काल्पनिक शहरात जायला कपाट, बोगदा, आरसा असली वाट शोधत बसण्याचीही गरज नाही. ज्या दिवसांत सावली दक्षिणेला पडते त्याच दिवसांत दक्षिणेकडचा दरवाजा उघडतो, एवढे म्हटले की पुरे.

राहिली किंमत. पैसे ही जादूची किंमत असू शकत नाही, कारण पैसे देऊन सुटका होते. किंमत अशी असावी की ती मोजताना वाचकाच्या पोटात गोळा यावा. समजा, जो आपली सावली विकतो त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत कोणालाच आठवत नाही. तो समोर दिसतो, ओळखू येतो, पण त्याला हाक मारता येत नाही. हा नियम प्रस्तावनेत समजावून सांगू नये. तो घडताना दाखवावा. नमुना म्हणून एक उतारा देतो.

‘‘हलू नको व पोरी, टाचेपासून निघते ते,’’ दुकानदार म्हणाला आणि त्याने कात्रीचे टोक तिच्या चपलेजवळ टेकवले. आवाज झाला नाही. ओले धोतर दगडावरून उचलावे तशी सावली फरशीवरून सुटून वर आली. त्याने तिच्या चार घड्या केल्या आणि तराजूत टाकल्या. ‘‘सकाळी आणली असती त पंधरा देले असते. आता दहाच.’’ ताराने दहाची नोट मुठीत घट्ट धरली. दुकानाच्या पायरीवर आई उभी होती. आईने तिच्याकडे पाहिले, हात पुढे केला, तोंड उघडले आणि तशीच थांबली. मग ती हळूच म्हणाली, ‘‘ए... ए बाई... इकडे ये.’’

या उताऱ्यात जादूचा नियम, बाजारभाव, वेळेचा हिशेब आणि मोजावी लागलेली किंमत आली आहे, पण समजावणीचे एकही वाक्य नाही. ताराला दहा रुपये कशासाठी हवे होते, हे मी मुद्दाम सांगितलेले नाही. वर्गात वाचताना मुले तेच विचारतील, आणि त्यांनी ते विचारले म्हणजे पुढचे प्रकरण त्यांना हवे आहे.

नियम ठरला की नकाशा काढावा, तोही गोष्ट लिहिण्याआधी. सावली कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे नकाशावर रंगवून पाहा. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या झाडांखाली ती फुकट आहे. महाल या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत वाड्यांच्या भिंती ती एकमेकींना देतात. कॉटन मार्केटच्या हमालाकडे, पत्र्याच्या घरांच्या वस्तीकडे, डांबर घालणाऱ्या मजुराकडे ती नाही. मेट्रोच्या उंच मार्गाने गेल्या काही वर्षांत रस्त्यांवर सावलीचा नवाच पट्टा आणून टाकला आहे. तो कोणाच्या मालकीचा, या एका प्रश्नावर एक अख्खे पुस्तक लिहिता येईल. समतेबद्दल भाषण न करता समतेची गोष्ट सांगण्याची इतकी सोपी वाट क्वचित मिळते. मुले अन्याय फार लवकर ओळखतात. त्यांना तो नकाशावर दिसू द्यावा.

नागपूरच्या खऱ्या जागा वापरताना थोडे तारतम्य ठेवावे लागते. झीरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ आपल्या गोष्टीसाठीच उभारला असावा असे वाटते: चार घोडे, मैलांत कोरलेली दूरच्या गावांची अंतरे, आणि सावली मोजायला आयता खांब. ‘हा देशाचा बरोबर मध्य’ असे लोक म्हणतात. ते एखाद्या पात्राच्या तोंडी खुशाल घालावे, पण निवेदनात भूगोलाचे सत्य म्हणून लिहू नये. ब्रिटिशांच्या मोजणीच्या कामाशी जोडलेली ती खूण आहे, एवढे म्हणणे सुरक्षित आहे. १८६३ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला गावाने अजब बंगला असे नाव देऊन ठेवले आहे. आपल्याला याहून चांगले नाव सुचणार नाही, तेव्हा ते तसेच वापरावे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वस्त्या जोडून हे शहर वसवले, असा इतिहास सांगितला जातो. सावलीच्या शहरालाही बारा पेठा द्याव्यात आणि त्यांतली एक हरवलेली ठेवावी. पाच पुस्तकांना पुरेल इतका शोध त्यात आहे.

मारबत, म्हणजे नागपुरात दरवर्षी मिरवणुकीने निघणारा बाईच्या रूपातला मोठा पुतळा. तिच्याबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नागपूरवर अद्भुत लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तिच्यापाशी येतो आणि बहुतेक जण तिची राक्षसीण करून टाकतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर होतो. ज्यांनी ही मिरवणूक जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की रस्त्यावरची गर्दी मारबतीला घाबरत नाही. तिच्या हाती आपले दुखणे सोपवते. पिवळ्या मारबतीपुढे बायका लेकरे घेऊन येतात, हात जोडतात. गावाची पीडा अंगावर घेऊन गावाबाहेर जाणारी आणि शेवटी जळणारी ही आकृती आहे. ती खलनायिका झाली तर परंपरेचा अपमान होतो हे खरेच, पण गोष्टीचेही नुकसान होते, कारण तिच्यातली करुणा निघून जाते. सावलीच्या शहरात ती काय वाहून नेईल, याचा विचार करा: कोणालाच नको असलेल्या, ज्यांचे मालक परत आलेच नाहीत अशा बेवारस सावल्या. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. म्हणजे तो दिवस आधीच मुलांच्या ताब्यात आहे. नायिकेला रस्त्यावर आणायला निमित्त शोधावे लागत नाही. लिहिण्याआधी मारबत घडवणाऱ्या माणसांकडे जाऊन बसा, बांबूचा सांगाडा कसा बांधतात ते पाहा आणि आपली कल्पना त्यांना सांगा. दीक्षाभूमीसारखी जागा मात्र जादूच्या कथानकात ओढू नये. लाखो लोकांच्या आयुष्यात तिथे जे घडले ते खरे आहे, आणि त्याला जादूची जोड देण्याची गरज नाही.

पाच भागांची विभागणी ऋतूंवर करावी. पहिले पुस्तक डिसेंबरात सुरू व्हावे, जेव्हा सावली स्वस्त आहे आणि हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत अनोळखी खरेदीदार शहरात शिरले तरी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शून्य सावलीचा दिवस तिसऱ्या पुस्तकात यावा. पाचव्यासाठी तो राखून ठेवण्याचा मोह होईल, पण तो टाळावा, कारण खरी गंमत त्यानंतर आहे. मृग लागतो, ढग येतात आणि आकाशातून सगळ्या शहरावर फुकट सावली पडते. बाजार कोसळतो. गोदामवाले हवालदिल होतात, पण ज्या गरिबांनी चार पैसे वाचवून सावलीच्या घड्या जमवल्या होत्या त्यांचीही पुंजी मातीमोल होते. हे संकट पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीचे आहे, आणि चौथे पुस्तक तिसऱ्याची नक्कल होण्याचा जो धोका प्रत्येक मालिकेला असतो तो त्यामुळे टळतो. ढगाची सावली कोणाची, हा प्रश्न घेऊन नायिका रामटेकला जाऊ शकते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत नागपूरचेच विद्वान वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. ढगाशी बोलायला विदर्भात याहून योग्य डोंगर नाही.

प्रत्येक पुस्तक मात्र स्वतःपुरते पूर्ण असले पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयात पहिला भाग कोणीतरी नेलेला असतो आणि मुलाच्या हाती तिसरा येतो. शिवाय मराठीत पाच भागांची घोषणा झाली म्हणजे पाचही भाग छापले जातील, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून पुस्तकाच्या शेवटी नायिकेला कड्यावर लटकत ठेवू नये. त्या पुस्तकाचा प्रश्न सुटावा, मालिकेचा प्रश्न मोठा व्हावा. तिसरा भाग आधी उघडणाऱ्याला पहिल्या दहा पानांत नियम पुन्हा घडताना दिसावा, पण नव्या प्रसंगातून. आधीच्या भागांचा सारांश दिला की जुना वाचक पाने उलटतो आणि नवा गोंधळतो.

मुख्य पात्राला शहरभर फिरण्याचे काम द्या. आजची बारा वर्षांची मुलगी इतवारीच्या बाजारापासून फुटाळा तलावापर्यंत एकटी का फिरते, याचे पटणारे कारण नसेल तर मुले कथा सोडून त्याचाच विचार करतात. डबे पोचवणे, शिवलेले कपडे गिऱ्हाइकाकडे देणे, आजोबांच्या दुकानाची उधारी आणणे ही खरी कामे आहेत आणि त्यांतून शहराची सगळी दारे उघडतात. आई-वडिलांना मारून टाकण्याची किंवा मूर्ख ठरवण्याची सोय लेखकांना फार आवडते. आपण ती घेऊ नये. मोठ्यांना नियम ठाऊक आहे, पण तो मोडण्याची किंमत त्यांना परवडत नाही, एवढे कारण त्यांच्या गप्प राहण्याला पुरेसे आहे.

भाषेबद्दल माझा सल्ला असा: निवेदन साध्या प्रमाण मराठीत, संवाद पात्राच्या बोलीत. ‘कुठी जाऊन राहिली व?’, ‘मले दिसून राहिली तुही सावली’ अशी वाक्ये आपल्या मुलांना घरची वाटतील, आणि पुण्या-कोल्हापूरच्या मुलांनाही संदर्भाने सहज कळतील; खाली अर्थ देण्याची गरज नाही. अट एकच आहे आणि तिच्याबाबत मी आग्रही आहे. बोली केवळ हमाल, मोलकरीण आणि विनोदी पात्र यांच्या तोंडी आली आणि हुशार मुलगी, शास्त्रज्ञ, न्यायाधीश प्रमाण बोलले, तर आपण मुलांना त्यांच्या घरच्या भाषेची लाज शिकवतो. नायिका बोलीत विचार करो, आणि शहरातली सर्वांत विद्वान बाईही बोलीतच बोलो. जादूच्या वस्तूंना संस्कृत जोडशब्दांची नावे देऊ नयेत. ‘छायासंचयपेटिका’ कोणी मूल खेळताना म्हणणार नाही. ‘सावलीची पेटी’ म्हणेल.

मोजमापाचे थोडक्यात सांगतो. या वयासाठी एका पुस्तकाला वीस ते पंचवीस हजार शब्द पुरेत. प्रकरण दोन हजार शब्दांच्या आत राहिले तर ते एका तासिकेत वाचून होते आणि बोलायलाही वेळ उरतो. छापखान्यात पाने सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांत, म्हणजे फॉर्म्यांत बसतात, हे चित्रकाराशी बोलतानाच ध्यानात ठेवावे आणि नकाशासाठी आतल्या मुखपृष्ठाची जागा आधी मागून घ्यावी. एक वेगळी वही करावी आणि तीत प्रत्येक नियम, प्रत्येक भाव, प्रत्येक दुकानाचे ठिकाण, कोणत्या महिन्यात सावली किती लांब, हे पहिल्या दिवसापासून लिहीत जावे. चौथ्या भागात दक्षिण दरवाजा नोव्हेंबरात उघडला तर पत्र पाठवणारे मूल नक्की भेटेल.

सध्या नवे काही लिहायला घेऊ नका. तिसरे प्रकरण उचला, किल्ली काढून टाका आणि नायकाला तळघरात तसाच राहू द्या. बाहेर पडण्यासाठी त्याच्याजवळ पहिल्या प्रकरणापासून जे होते तेच वापरायचे आणि त्याची किंमत मोजायची, एवढ्या अटीवर ते पुन्हा लिहा. मग तळघराच्या दारापाशी थांबून वर्गाला विचारा की तुमच्यापैकी कोण ही किंमत देईल आणि कोण देणार नाही. मुले आपसांत भांडू लागली तर ढगांवरचे शहरही टिकेल, आणि तेव्हा ते खाली नागपुरात आणायचे की नाही, हे आपण निवांत ठरवू शकाल.